गुणक एक: परळच्या जमिनीचा पाण्यातला हिशेब

पहिल्याच जोरदार पावसात परळजवळच्या हिंदमाताला पाणी तुंबले की मुंबईत तीन प्रश्न विचारले जातात. नालेसफाई झाली होती का? पंप चालू होते का? आणि अलीकडच्या काळात तिसरा: संगणकाच्या यंत्रणेने आदल्या दिवशी इशारा दिला होता का? तिन्ही प्रश्न रास्त आहेत आणि महापालिकेने त्यांची उत्तरे द्यायलाच हवीत. पण हे तिन्ही प्रश्न पाऊस जमिनीवर पडून वाहू लागल्यानंतरचे आहेत. दादर, परळ, लालबागच्या रस्त्यावर किती पाणी येणार याचा मोठा भाग त्याच्या कितीतरी वर्षे आधी ठरलेला असतो. कोणत्या भूखंडावर किती उघडी माती राहील, कोणता तलाव बुजवला जाईल, कोणत्या मोकळ्या जागेखाली वाहनतळ खोदला जाईल, हे ठरते तेव्हाच तेही ठरते.

माझे म्हणणे असे आहे. जमीन आणि पाणी यांचे नाते मांडणारी संगणकीय मॉडेल्स आपण हवामान अंदाजाच्या पंक्तीला बसवली आणि तिथेच त्यांचा अर्धा उपयोग गमावला. 'उद्या पाणी कुठे भरेल' हा मॉडेलला विचारण्याचा एक प्रश्न झाला. 'ही जमीन अशी वापरली तर पाण्याचे काय होईल, आणि तशी वापरली तर काय' हा त्याहून महत्त्वाचा. जमिनीचा निर्णय होण्याआधी, सर्वांसमक्ष, हा दुसरा प्रश्न विचारण्याची रीत या शहराने अजून पाडलेली नाही.

१. सूत्रातला एक आकडा

पर्जन्य जलवाहिनी किती मोठी बांधायची हे ठरवण्याचे एक जुने सूत्र आहे. एकोणिसाव्या शतकापासून जगभरचे अभियंते ते वापरत आले. वाहून येणारे पाणी म्हणजे पावसाची तीव्रता गुणिले क्षेत्रफळ गुणिले जमिनीचा एक गुणक. हा गुणक शून्य ते एक यांच्या दरम्यान असतो. पडलेल्या पावसातला निम्मा वाहून गेला तर ०.५; सगळाच्या सगळा वाहून गेला तर १. सूत्रातला पाऊस आपल्या हातात नाही, क्षेत्रफळही बदलत नाही. माणसाच्या हातात आहे तो फक्त गुणक, कारण तो जमिनीच्या वापरावर ठरतो.

मुंबई शहराच्या ब्रिटिशकालीन वाहिन्या ओहोटीच्या वेळी ताशी २५ मिलिमीटर पाऊस आणि ०.५ गुणक धरून आखलेल्या होत्या. निम्मे पाणी जमीन सांभाळेल, हे त्यात गृहीत होते. १९९३ मध्ये या वाहिन्यांच्या सुधारणेचा 'ब्रिमस्टोवॅड' अहवाल आला, २००५ च्या प्रलयापर्यंत तो बहुतांशी कागदावर राहिला आणि त्यानंतर कामाला वेग आला. नवे निकष होते ताशी ५० मिलिमीटर पाऊस आणि गुणक १. पाऊस दुप्पट, गुणक दुप्पट, म्हणजे वाहिनीवरचा भार चौपट.

यातले पावसाचे दुप्पट होणे सर्वांच्या लक्षात आले. वर्तमानपत्रांतून तोच आकडा फिरतो. गुणकाचे दुप्पट होणे कुणाच्या बोलण्यात येत नाही, आणि मला ते अधिक गंभीर वाटते. वाहिनी आखणाऱ्या अभियंत्याने गुणक १ धरला यात त्याची चूक नाही. त्याने सुरक्षित बाजू पाहिली, आणि समोर दिसणारे शहरही तसेच होते. पण गुणक १ लिहिल्याबरोबर जमीन हिशेबातून बाहेर पडते. मग परळमधले एखादे मैदान मातीचे राहिले काय आणि त्यावर पेव्हर ब्लॉक बसले काय, उत्तर तेच येणार. जमीन कशी वापरावी यावर त्या सूत्राला बोलण्यासारखे काही उरत नाही. उरतात फक्त अधिक रुंद वाहिन्या आणि अधिक ताकदीचे पंप. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया ही उदंचन केंद्रे याच विचाराची अपत्ये आहेत. ती हवीतच, मी त्यांच्या विरोधात नाही. माझा विरोध आहे तो शहराने आपल्या जमिनीकडून काहीच अपेक्षा न ठेवण्याला.

एका हेक्टरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर पाच लाख लिटर पाणी होते. गुणक ०.५ असेल तर त्यातले अडीच लाख वाहिनीत येते, गुणक १ असेल तर पाच लाख. हिंदमाता हा चारी बाजूंच्या उंच भागांमधला बशीसारखा सखल भाग. तिथून पाणी रे रोडच्या ब्रिटानिया पातमुखापर्यंत जायचे आणि भरती असेल तर उपसून समुद्रात टाकायचे. अशा ठिकाणी हेक्टरमागे अडीच लाखांचा फरक हा रस्ता चालू राहणे आणि बंद पडणे यातला फरक ठरू शकतो.

२. गिरण्यांच्या जमिनीवर झालेला निर्णय

मुंबईतल्या सुमारे ५८ गिरण्या आणि सुमारे ६०० एकर जमीन. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातले भोंगे एकेक करून थांबले आणि शहराच्या मध्यभागी एवढी मोठी जमीन नव्या वापरासाठी मोकळी होण्याची वेळ आली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने ढोबळमानाने तीन वाटे ठरवले: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची होईल, शेड पाडून मोकळी होणारी जमीन त्यात धरली जाणार नाही, असा त्याचा अर्थ झाला. गिरणीत शेडच जास्त. साहजिकच मोकळ्या जागेचा वाटा आक्रसला. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने याविरुद्ध कौल दिला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

या तारखांच्या मध्ये काय घडले होते? २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला शंभराच्याही आत. त्या पुराची कारणे शोधायला जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तिचा अहवालही मार्च २००६ चाच. एकाच महिन्यात एकीकडे शहराच्या पाण्याचा सर्वांत सखोल अभ्यास सरकारच्या हाती पडत होता आणि दुसरीकडे शहराच्या मधोमध असलेल्या सर्वांत मोठ्या जमिनीचे भवितव्य पक्के होत होते. गिरण्यांच्या जमिनीचा वाद घरे, उद्याने, चटईक्षेत्र आणि कामगारांची देणी यांभोवती फिरला. हे सगळे मुद्दे खरेच होते. पण या जमिनीवर पडणारा पाऊस पुढे कुठे जाणार, हा मुद्दा त्या वादाच्या केंद्रस्थानी कधीच आला नाही.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मांडायला हवी. चालू गिरणी म्हणजे काही कुरण नव्हते. शेडचे पत्रे, दगडी अंगण, कोळशाचे ढीग, यांवरूनही पाणी वाहतच होते. पण गिरण्यांना वाफेच्या यंत्रांसाठी पाणी लागे, आणि त्यासाठी आवारात तलाव असत. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या आवारात तसा तलाव आजही आहे. असा तलाव पावसाळ्यात काय करतो? थोडा रिकामा असला तर पाणी धरतो, भरलेला असला तरी त्याच्या काठावरून पाणी हळूहळू सुटते. दक्षिणेकडे गिरगाव-भुलेश्वर आणि आसपासच्या भागात हेच काम जुने तलाव करत. गोवालिया टँक, सी. पी. टँक, धोबी तलाव, दोन टाकी या नावांपुरते ते आता उरले आहेत. हिवतापाच्या भीतीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेक विहिरी आणि तलाव बुजवले गेले, डॉ. बेंटली यांचा १९११ चा अहवाल त्यामागे होता. त्या निर्णयाला आरोग्याचे भक्कम कारण होते. पण पाणी धरून ठेवण्याचे जे काम ते तलाव करत होते ते कोणी करायचे, हा प्रश्न त्या वेळीही फारसा पुढे आला नाही.

आणि आता? हिंदमाताचे पाणी साठवण्यासाठी दादर पश्चिमेच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली महापालिकेने भूमिगत टाक्या बांधल्या. पाणी तिथे वळवायचे, भरती ओसरली की सोडायचे. योजना उपयोगी आहे आणि तिने फरकही पडला. पण बुजवलेल्या तलावाचे काम आपण जमिनीखाली, काँक्रीटमध्ये, सार्वजनिक पैशाने पुन्हा उभे करत आहोत, हे त्यातून दिसते.

३. मॉडेल नेमके काय करते

नदीखोऱ्यांसाठी जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या मॉडेलांपैकी एक म्हणजे 'स्वॅट'. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या संशोधन सेवेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जेफ अर्नोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवले. ते खोऱ्याचे उपखोऱ्यांत तुकडे करते. प्रत्येक उपखोऱ्यात सारखी माती, सारखा उतार आणि सारखा जमीन वापर असलेले भाग वेगळे काढते आणि रोजच्या पावसाचा हिशेब लावते: किती वाहिले, किती मुरले, झाडांनी किती उडवले, किती झऱ्यातून परत आले. हे मॉडेल मुख्यतः ग्रामीण खोऱ्यांसाठी आहे. परळसारख्या ठिकाणी वाहिन्या, पंप आणि भरती धरणारी नागरी मॉडेल्स लागतात. पण मूळ विचार दोन्हीकडे एकच: जमिनीचा तुकडा बदला आणि पाण्याचा हिशेब पुन्हा करा.

'स्वॅट'मधली वाहत्या पाण्याची एक पद्धत प्रत्येक जमिनीला शंभरपर्यंतचा एक अंक देते. फरसबंद जागेला ९८. भारी चिकणमातीवरच्या चांगल्या गवताळ मैदानाला ८०. गणित करून पाहू. १०० मिलिमीटर पाऊस पडला तर फरसबंद जागेवरून सुमारे ९४ मिलिमीटर वाहते, मैदानावरून सुमारे ५०. हेक्टरमागे सव्वाचार लाखांहून अधिक लिटरचा फरक. १९९१ च्या नियमाचा मोकळ्या जागेचा वाटा ढोबळपणे २०० एकर धरला आणि तेवढी जमीन खरोखर मातीची राहिली असती असे मानले, तर हा फरक साडेतीन कोटी लिटरच्या घरात जातो. हिंदमातासाठी बांधलेल्या भूमिगत टाक्यांची क्षमताही कोटी लिटरच्याच मापात मोजली जाते.

हाच हिशेब उलट बाजूनेही बोलतो आणि तेही ऐकले पाहिजे. जुलैअखेर माती भिजून गच्च झाली की त्याच मैदानावरून १०० पैकी सुमारे ७५ मिलिमीटर वाहून जाते. पाऊस ३०० मिलिमीटर असेल तर मातीत सरासरी ओलावा असतानाही मैदान २३५ सोडते आणि फरसबंदी २९४. ९४४ मिलिमीटरला हे आकडे अनुक्रमे ८७२ आणि ९३८. म्हणजे मैदानांनी २६ जुलै अडला असता असे म्हणणारा भाबडा आहे. पण २६ जुलै पुढे करून मैदानांचा उपयोग शून्य ठरवणाराही चूकच सांगतो, कारण हिंदमाताची दुकाने बंद करणारा पाऊस बहुतेक वेळा १०० मिलिमीटरच्या आसपासचा असतो. मॉडेल ही मर्यादा आकड्यात दाखवते आणि दोन्ही बाजूंच्या घोषणा एकदम निरुत्तर होतात. मला त्याचे मोल इथे वाटते.

४. सरासरीत हरवलेले पाणी

महाराष्ट्रातला एक अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. पुण्याच्या वरच्या बाजूच्या मुळा-मुठा खोऱ्याचा 'स्वॅट' वापरून केलेला, पॉल वाग्नर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८९ ते २००९ या वीस वर्षांत तिथले नागरी क्षेत्र ५.१ टक्क्यांवरून १०.१ टक्क्यांवर गेले, शेती ९.७ वरून १३.५ वर. संपूर्ण खोऱ्याचा वार्षिक हिशेब मांडला तर फरक फारसा दिसला नाही, कारण शहराने वाढवलेले वाहते पाणी आणि शेतीने वाढवलेले बाष्पीभवन एकमेकांना खोडत होते. उपखोऱ्यांत उतरल्यावर मात्र चित्र बदलले. जिथे शहर वाढले तिथे पाण्याची आवक ७.६ टक्क्यांपर्यंत वाढलेली, जिथे शेती वाढली तिथे बाष्पीभवन ५.९ टक्क्यांपर्यंत.

मुंबईने यातून घ्यायचा बोध सरळ आहे. 'शहरात एकूण इतके हेक्टर मोकळी जागा आहे' या वाक्याला पाण्याच्या दृष्टीने काही अर्थ नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले जंगल लालबागचे पाणी शोषत नाही. रेसकोर्सची हिरवळ हिंदमाताच्या पाणलोटात येते का, हे नकाशावर उतार पाहून ठरते, विभागाच्या नावावरून नाही. हिशेब पाणलोटागणिक, वाहिनीगणिक आणि पातमुखागणिक मांडायला हवा.

५. दादरचे दुसरे खोरे

दादरचा माणूस दोन खोऱ्यांत राहतो. पाऊस ज्या पाणलोटातून त्याच्या दाराशी येतो ते एक. नळाचे पाणी जिथून येते ते दुसरे: वैतरणा, तानसा, भातसा. १८६० मध्ये विहार, १८९२ मध्ये तानसा, मग वैतरणेवरची धरणे, भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा. गिरगावच्या चाळीत मलबार हिलच्या जलाशयातून उतरणारे पाणी शहापूर, मोखाडा, इगतपुरीच्या डोंगरांवर पडलेले असते.

या दुसऱ्या खोऱ्याबद्दलही एक समज पक्का आहे: झाडे लावा, पाणी वाढेल. अनेक देशांतल्या पाणलोटांवरची दीर्घकालीन मोजमापे वेगळे सांगतात. झाडे पाणी पितात, आणि जंगल वाढल्यावर नदीचे वार्षिक पाणी बहुधा घटते. मग जंगल का हवे? माती धरून ठेवायला, धरणात गाळ कमी यायला, पाऊस मुरायला आणि काही ठिकाणी उन्हाळ्यात झरा टिकायला. धरणाला हवे असते पावसाळ्यात भरभरून येणारे पाणी. शहापूरच्या पाड्याला हवा असतो एप्रिलमध्ये टिकणारा झरा. धरणांच्या उशाशी असलेल्या या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर फिरतात, हे सर्वांना ठाऊक आहे. जमिनीच्या एकाच निर्णयात कोणाला किती मिळते आणि कोणाचे किती जाते हे मॉडेल वेगवेगळे मांडू शकते. 'झाडे म्हणजे पाणी' ही घोषणा मात्र तो वाटा झाकून टाकते.

६. आक्षेप

पहिला आक्षेप अभियंत्यांचा. परळ-लालबागची बरीच जमीन भरावाची, खाली खाऱ्या पाण्याची चिकणमाती, भूजल उथळ. इथे मुरणार काय? आक्षेप वजनदार आहे. हॉर्नबी वेलार्डने अठराव्या शतकात समुद्र अडवल्यावर वर आलेल्या सखल भागाचा बराचसा हिस्सा भरतीच्या पातळीहून खाली आहे. इथे मुरण्यावर फार भिस्त ठेवता येणार नाही. पण पाण्याला उशीर लावता येतो. भरतीचे दोन-तीन तास पाणी गच्चीवर, तलावात, खोलगट मैदानात थांबले तरी पंपावरचा शिखरभार उतरतो. मुरवणे आणि थांबवणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि कोणती जमीन कोणते काम करील हे ठरवायलाच मॉडेल लागते.

दुसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा: मॉडेल म्हणजे सल्लागाराच्या हातातले बाहुले, हवे ते उत्तर काढून देते. या आक्षेपाकडे मी सर्वांत गांभीर्याने पाहतो. निवडलेले अंक थोडे इकडेतिकडे केले की उत्तर बदलते, आणि अंकांचे अनेक वेगवेगळे संच मोजलेल्या पुराशी सारखेच जुळतात. धोका तिथेच संपत नाही. उपग्रहाच्या चित्रावरून जमीन वापराचा नकाशा करताना टॉवरच्या पोडियमवरची बाग हिरवी दिसते. मॉडेल तिला मैदान समजते आणि पाऊस मुरवून टाकते. प्रत्यक्षात त्या हिरवळीखाली वीतभर-हातभर माती, त्याखाली जलरोधक थर आणि त्याखाली तीन मजल्यांचा वाहनतळ. दादरच्या कोहिनूर मिलच्या जागेसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१३ मध्ये सांगितले की नियमाने सोडायची किमान मोकळी जागा जमिनीच्या पातळीवरच हवी, पोडियमवर नाही. त्यानंतर आलेल्या, २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याच्या नियमावलीने त्यातला काही हिस्सा पोडियमवर चालेल अशी वाट पुन्हा काढली. अशा शहरात हिरवा रंग मोजून केलेले मॉडेल फसवेच ठरेल. पण यावर उपाय मॉडेल टाळणे हा नाही. न मांडलेला हिशेब तपासता येत नाही, मांडलेला खोडता येतो. गृहीतके आणि नकाशे जाहीर झाले तर परळचा कोणताही रहिवासी म्हणू शकेल की या चौकोनाखाली माती नाही, बेसमेंट आहे.

शहर बांधून झाले, आता काय उपयोग, असा तिसरा आक्षेप असतो. शहर बांधून झालेले नाही. नायगाव, वरळी आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी, गिरगावच्या उपकरप्राप्त इमारती, लालबागच्या जुन्या चाळी, सगळे पुन्हा बांधले जात आहे. मध्य मुंबईची जमीन पुन्हा एकदा ओल्या मातीच्या अवस्थेत आहे.

७. काय मागायचे

जून २०२० मध्ये केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालय आणि महापालिकेने 'आय-फ्लोज' ही पूर-इशारा यंत्रणा सुरू केली. पाऊस, भरती, जमिनीची उंची, जमीन वापर आणि वाहिन्या तिच्यात एकत्र आणलेल्या आहेत. म्हणजे लागणारी बरीचशी सामग्री शहराकडे जमलेली आहे. तिला विचारायचे प्रश्न फक्त बदलायचे आहेत. प्रत्येक मोठ्या पुनर्विकासाच्या आणि आरक्षण बदलाच्या प्रस्तावासोबत आधीचा आणि नंतरचा पाण्याचा हिशेब जोडलेला हवा: १०० मिलिमीटर पावसाला, ३०० मिलिमीटरला, भरतीत आणि ओहोटीत. भूखंडाबाहेर जाणारे पाणी वाढत असेल तर ते आवारातच थांबवण्याची जबाबदारी विकासकाची. आणि वाहिन्यांतल्या पाण्याची पातळी व प्रवाह सतत मोजून लोकांपुढे ठेवायला हवा, म्हणजे हिशेब खरा ठरला की खोटा हे पुढच्याच पावसाळ्यात कळेल.

पुढचा मोठा निर्णय दूर नाही. रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडीच्या बाजूची बंदराची विस्तीर्ण जमीन आज ना उद्या नव्या वापरात येईल, आणि हिंदमाताचे पाणी ज्या ब्रिटानिया पातमुखातून समुद्रात जाते ते याच किनाऱ्यावर आहे. गिरण्यांच्या जमिनीसारखा हाही निर्णय चटईक्षेत्राच्या भाषेतच उरकला जाऊ शकतो. विकास आराखड्यात बदल करायचा तर कायद्याने लोकांच्या हरकती आणि सूचना मागवाव्या लागतात. त्या जमिनीसाठी मागवल्या जातील तेव्हा दादर, परळ, लालबागच्या प्रत्येक सोसायटीने, प्रत्येक चाळ कमिटीने आणि प्रत्येक मंडळाने आपल्या अर्जात एक ओळ जरूर लिहावी: या जमिनीसाठी तुम्ही कोणता गुणक धरला आहे, तो का धरला, आणि त्याचा नकाशा आम्हाला दाखवा.